घोडीची उजवी बाजू

घोडीवर बिऱ्हाड चढवायला दोन बायका लागतात. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोघींनी एकदम गाठोडी उचलायची, डोक्याच्या वर नेऊन खोगिरावर टेकवायची आणि मग पोटाखालून दोर फेकायचा. एकीचा हात जरा मागे राहिला की सगळा भार दुसरीकडे कलंडतो, घोडी बिथरते आणि पीठमीठ, तवा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं सगळं रानात पसरतं. धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांमागे गावोगाव हिंडणाऱ्या तळावर, हे काम बायकांचं. पुरुष दिवस उगवायच्या आधी मेंढरं घेऊन पुढे जातात. मागून बायका मेंढरं रात्री कोंडायच्या जाळ्या गुंडाळतात, घोडी भरतात, वाट तुडवत पुढच्या मुक्कामाला पुरुषांच्या आधी पोचतात आणि चूल पेटवतात. मग गडीमाणसं येऊन टेकतात आणि विचारतात, भाकरी झाली का? जगाची रीत तिथेही चुकलेली नाही.

सांगोल्याच्या पलीकडच्या माळावरची मायाक्का चाळीस वर्षं घोडीच्या उजव्या बाजूला उभी राहिली. डावीकडे आधी तिची सासू असायची, पुढे जाऊ आली, आणि जाऊ गेल्यावर गेली दोन वर्षं सून पूनम. घोड्या तीन बदलल्या. आताची पाखरी, जरा नखरेल आहे, पण मायाक्काचा आवाज ओळखते. दिवाळी झाली की नवरा गुंडा, मुलगा जोतिराम, पूनम आणि मायाक्का दीडशे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. सोबतीला भावकीतल्या बिरदेवाचं बिऱ्हाड. जेठापर्यंत आठ महिने घराला कुलूप. कुणाच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, यांना धान्य मिळायचं, की पुढचं रान. गावातल्या बायका विचारायच्या, "दमत न्हाईस का गं?" मायाक्काला प्रश्नच कळायचा नाही. गावात चार महिने एका जागी बसून ती जितकी दमायची तितकी चालून कधी दमली नव्हती.

मेंढरं गावाकडे परतलेली असताना, आषाढात, तिची मान उजव्या बाजूने दुखायला लागली. वाटलं, लचक भरली असेल. गुंडाने तेल लावून रगडलं तशी ती त्याच्यावर खेकसली. चौथ्या दिवशी मानेपासून खांद्यावरून थेट अंगठ्यापर्यंत पाण्याने भरलेले फोड उठले आणि आग अशी सुटली की पदर हलला तरी डोळ्यांत पाणी यावं. वस्तीवरच्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. नागीण.

आणि नागीण म्हटलं की धुळाप्पा. हा धुळाप्पा लबाड असता तर निदान शिव्या घालायला एक माणूस मिळाला असता. पण तो देवमाणूस. नागीण उतरवायचा कुणाकडून पैसा घेत नाही, त्या घरचा चहासुद्धा पीत नाही. सत्तरी उलटलेला म्हातारा दोन कोस चालत आला, मोराच्या पिसाने फोडांवर तांबडी काव लावली, दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढून नागिणीचं तोंड आणि शेपूट अडवलं, आणि पथ्यं सांगितली. सुई टोचून घ्यायची नाही, टोचली की नागीण आत शिरते. हात हलवायचा नाही, हलला की नागीण पुढे सरकते. एवढ्यावर न थांबता त्याने स्वतःच्या पटक्याचं कापड फाडून तिचा हात छातीशी घट्ट बांधला. अशा बांधलेल्या हाताने मायाक्का तीन आठवडे बसली. आयुष्यात कुणाचं इतकं निमूट ऐकल्याची दुसरी नोंद नाही.

फोड वाळले, खपल्या पडल्या. धुळाप्पाने येऊन कापड सोडलं, म्हणाला, "उतरली गं मायाक्का. कर आता काम." मायाक्काने फळीवरचा तांब्या घ्यायला हात उचलला. म्हणजे उचलायचा म्हणून मनाने उचलला. हात मांडीवरच होता. बोटं वळत होती, मूठ मिटत होती, पण खांद्यातून हात उठत नव्हता. तिने हाताकडे पाहिलं, मग गुंडाकडे, मग परत हाताकडे.

"वारं गेलं," कुणीतरी दारात म्हणालं. ज्याच्या अंगावरून वारं जातं त्याची वस्तीवर काय गत होते ते सगळ्यांना माहीत होतं. धुळाप्पा उंबऱ्यापाशी खाली बसला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने या घरात पाणी मागितलं.

धाकटी लेक दिपाली सोलापुरात सात रस्त्याजवळ एका ऑफिसात कारकुनी करते आणि भवानी पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. तिला फोन गेला तशी ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून आली आणि आईला घेऊन गेली. वाटेत एस.टी.त ती एकच वाक्य चार वेळा बोलली, "पहिल्याच दिशी मला का न्हाई कळिवलं?" मायाक्का खिडकीबाहेर बघत राहिली. काय सांगणार? नागीण झाली की दवाखान्यात जायचं असतं हे तिला ठाऊक असतं तर ती गेली असती. दिपालीलाही ते मागाहून मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

नसांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढवला, दंडात बारीक सुया टोचून नसांमधून किती वीज वाहते ते बघितलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून नीट समजावून सांगितलं. हे वारं नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, त्यांचं विष नसांच्या मुळाशी झोपून राहतं. वय झालं, अंगातली ताकद घटली की ते जागं होतं. बहुतेकांच्या फक्त कातडीकडे जाणाऱ्या नसा सुजतात. मायाक्काच्या हात उचलणाऱ्या नसाही सुजल्या होत्या. फोड उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर दुखणं बरंच कमी झालं असतं. आणि एकवीस दिवस बांधून ठेवल्यामुळे खांद्याचा सांधा आखडला, ते वेगळंच.

"हात परत यील का?" मायाक्काने विचारलं.

"बहुतेकांचा येतो. पण सावकाश. सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष. गोळ्या आगीसाठी. ताकदीसाठी व्यायाम, रोज, न चुकता."

बहुतेकांचा. घरी येईपर्यंत मायाक्का हा शब्द चघळत होती. शंभर मेंढरांतली बहुतेक जगली म्हणजे किती मेली, हे धनगराच्या बाईला कुणी शिकवायला लागत नाही.

संध्याकाळी तिने धुळाप्पाला फोन लावायला सांगितला. "मामा, तुमी काव लावा, माझी ना न्हाय. तुमी लावली की मानसाला धीर येतो. पर लावून झाली की त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात धाडा. आन् हात बांदू नका बरं कुनाचा." पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग म्हातारा म्हणाला, "व्हय." पुढे श्रावणात त्याने एका पोराला काव लावून लगेच जोतिरामच्या मोटारसायकलवर बसवलं आणि सांगोल्याला पाठवलं, हे ऐकून मायाक्का जरा हसली. सोलापुरात आल्यापासून पहिल्यांदा.

आता रोज सकाळी दिपाली आईला सात रस्त्याजवळच्या व्यायामाच्या केंद्रात सोडायची आणि ऑफिसला जायची. तिथली फिजिओथेरपिस्ट श्रावणी, दिपालीच्याच वयाची. तिने भिंतीवरची लाकडी शिडी दाखवली. बोटांनी एकेक पायरी चढत हात वर न्यायचा. कप्पीला दोरी होती. डाव्या हाताने ओढली की उजवा वर जायचा. काठी दोन्ही हातांत धरून उचलायची. पहिल्या आठवड्यात मायाक्काची बोटं शिडीच्या तिसऱ्या पायरीवर अडली. हाताला घाम, कपाळाला घाम. श्रावणी म्हणायची, "मावशी, आज एवढं पुरे." मायाक्का म्हणायची, "थांब की पोरी, आजून एक." मग रात्री त्या एका पायरीची किंमत अख्खा हात वसूल करायचा, ठणकत.

ठणक्यापेक्षा वाईट होती ती आग. फोड कधीच गेले होते, कातडी वरून साफ होती, पण बाही घासली तरी चटका बसायचा. सगळ्यात वाईट म्हणजे घोंगडं. जन्मल्यापासून मायाक्का घोंगड्यावर निजली होती. लेकरं घोंगड्यावर झाली, पाऊस घोंगड्याची खोळ करून काढला. ती लोकर तिने कातलेली. आणि आता तिचा एक धागा दंडाला लागला की ती किंचाळून उठायची. दिपालीने तिच्यासाठी पेठेतूनच एक मऊ चादर आणली. मायाक्का त्या चादरीत झोपायची आणि घोंगडं घडी घालून उशाशी ठेवायची. डाव्या हाताने त्याच्यावर हात फिरवायची. त्याला मेंढरांचा वास होता.

श्रावणीने त्यावरही काम दिलं. आधी कापसाने दंडावर हळू फिरवायचं, पाच मिनिटं, दिवसातून चारदा. सवय झाली की मऊ सुती फडकं. मग टॉवेल. "आणि टॉवेल जमला की मावशी, तुमचं घोंगडं आणा." मायाक्काला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण भाद्रपद सरता सरता टॉवेल सोसायला लागला आणि घटस्थापनेच्या आसपास एके दुपारी तिने दात आवळून घोंगड्याचं टोक दंडावर ठेवलं आणि शंभर आकडे मोजले. आग झाली. पण रडली ती आगीने नव्हे.

दुपारी खोलीत ती एकटी असायची. खालच्या मजल्यावर घरमालकांचे चादरींचे माग होते. घरातली माणसं आपसात तेलुगू बोलायची, मायाक्काशी हातवारे करत मराठी. मालकीणबाई जेवणाच्या वेळी ताटलीत काहीतरी झाकून आणायच्या. माणसं गोड होती. पण मागांचा खटखटाट एकसारखा, तो कुठे जात नाही, कुठून येत नाही. मायाक्काला जो आवाज हवा होता तो चालणारा होता. मेंढरांच्या खुरांचा, गळ्यातल्या घंटांचा, पुढे गेलेल्या गुंडाच्या शिट्टीचा. कोकरू हरवलेल्या मेंढीचं ओरडणं तर तिला झोपेतही ऐकू यायचं, आणि जागी झाली की खाली कुठलीतरी रिक्षा हॉर्न वाजवत असायची. एकदा सात रस्त्याला सिग्नलपाशी एक माणूस दोन शेरडं घेऊन उभा दिसला. मायाक्का गर्दीतून सरळ त्याच्यापाशी गेली आणि एका शेळीचं पोट चाचपून म्हणाली, "गाभन हाय ही. इकू नका." तो माणूस बघतच राहिला. सिग्नल सुटला आणि तो निघून गेला. मायाक्का केंद्रात उशिरा पोचली आणि त्या दिवशी शिडी चढायला तिचं मन लागलं नाही.

संध्याकाळी गुंडाचा फोन यायचा. गुंडा मुळात कमी बोलणारा. फोनवर तर त्याला वाटायचं बोलण्याचे पैसे पडतात. "बरं हाय का? जेवलीस का? बरं." एवढं झालं की तो फोन मेंढरांकडे धरायचा. न सांगता. पहिल्यांदा तिला वाटलं चुकून झालं. मग रोजच व्हायला लागलं. पाच मिनिटं नुसती मेंढरं ओरडत. मायाक्का फोन डाव्या कानाशी धरून भिंतीला टेकून बसायची. "काळीला सर्दी झालीय," ती म्हणायची. "व्हय," गुंडा म्हणायचा. "आवशेद पाजलंय."

दिवाळीला हात छातीपर्यंत यायला लागला होता. पण दिवाळी म्हणजे निघायचे दिवस. मायाक्काने गावी जायचा हट्ट धरला आणि श्रावणीसमोर परीक्षा दिली. हात वर करून दाखवला, अगदी कानापर्यंत.

श्रावणीने तिच्या कमरेला दोन्ही हात लावून तिला सरळ उभं केलं. "मावशी, हात वर गेला नाही. तुम्ही डावीकडे कलंडलात. आता सरळ उभं राहून करा." सरळ उभं राहिल्यावर हात छातीपाशीच राहिला. चोरी पकडल्यावर माणूस जसा रागावतो तशी मायाक्का रागावली. "तुला काय कळतंय गं! तितं माझी घोडी भरायची हाय." श्रावणी तिचा हात धरून उभी राहिली. मायाक्काला स्वतःचीच लाज वाटली.

वाडा तिच्याशिवाय निघाला. त्या सकाळी गुंडाने फोन केला आणि मेंढरांचा आवाज ऐकवला. दूर दूर जाणारा. मग फोन बंद झाला. मायाक्का तशीच बसून राहिली. दिपाली डबा भरत होती, ती थांबली.

"आये," ती म्हणाली, "मी पहिलीत असताना तुमी मला सांगोल्याच्या वसतिगृहात ठिवलं होतं. दिवाळीनंतर वाडा रस्त्यावरनं गेला तवा मी फाटकात उबी होते." नोकरीत शिकलेली तिची शुद्ध भाषा आईशी बोलताना कुठेतरी गळून पडायची. "तू घोडी धरून चालली होतीस. एकदा बी मागं बघितलं न्हाईस. मला लई वरसं वाटायचं, तुला काय वाटलंच नसंल."

मायाक्काला ती सकाळ स्वच्छ आठवत होती. लेकीच्या अंगातला निळा फ्रॉक आठवत होता, म्हणजे बघितल्याशिवाय का? फाटकाशी पोचायच्या आधीच, लांबून, बाभळीच्या आडून बघितला होता. "मागं वळून बघितलं आसतं तर पाय उचलला नसता गं," ती म्हणाली. "मग मेंढरं कुनी हाकली आसती?" आणि थोड्या वेळाने, "मागं ऱ्हानं म्हंजे काय आसतं ते मला म्हाईत न्हवतं बग. आता कळलं. लई वाईट आसतं. मी तुला लई वाईट दिलं." दिपालीने डबा बाजूला ठेवला. त्या दिवशी ती ऑफिसला तासभर उशिरा गेली आणि साहेबांचं बोलणं ऐकून घेतलं.

वाड्यावर तिकडे रोज उशीर होत होता. बिरदेवाची बायको आधी जावेबरोबर आपली घोडी भरायची, मग पूनमच्या मदतीला यायची. ऊन वर आल्यावर बिऱ्हाडं हलायची. बिरदेव वाईट नव्हता, पण किती दिवस चालवून घेणार? जोतिरामच्या बोलण्यातून मायाक्काला कळायचं ते कळत होतं. बिरदेव म्हणत होता की त्याची विधवा बहीण वाड्यावर यायला तयार आहे, घोडीची एक बाजू ती सांभाळेल. वहिनींनी आता गावाकडचं घर राखावं. घर राखायचं म्हणजे काय ते मायाक्काला ठाऊक होतं. वस्तीवर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या असतात. आठ महिने कुलपांच्या रांगेत त्यांचं एकटं दार उघडं असतं. एकदा मागे राहिली ती बाई परत वाड्यावर आलेली कुणी पाहिलेली नाही.

गुंडा एवढंच म्हणाला, "मार्गशीर्षात मोडनिंबला मुक्काम हाय. तवा ये. बगू."

बगू. मायाक्काने त्या एका शब्दावर महिनाभर हात झिजवला. सकाळी केंद्र, दुपारी खोलीतल्या दाराच्या चौकटीवर बोटांनी चढ, संध्याकाळी काठी. गोळ्यांनी सकाळी गरगरायचं तरी चुकवलं नाही. मागाचे मालक घरात आले की ती त्यांनाही हात वर करून दाखवायची. मोडनिंबला निघायच्या आदल्या दिवशी श्रावणीने मोजपट्टी लावली. हात खांद्याच्या बरोबरीला येत होता. सरळ, कलंडल्याशिवाय, आणि थोडं वजन घेऊन. त्याच्या वर चार बोटंसुद्धा नाही.

"खूप आहे हे, मावशी. पाच महिन्यांत एवढं येणं खूप आहे."

"घोडी खांद्याच्या वर आसती गं," मायाक्का म्हणाली.

श्रावणीने कधी घोडी भरलेली नव्हती, पण तिला कळलं. "खांद्याच्या वर झटक्याने ओझं नेलंत तर दुखावेल आणि कमावलेलं जाईल. मला वचन द्या." मायाक्काने दिलं नाही. खोटं वचन द्यायची तिला सवय नव्हती.

मोडनिंबच्या फाट्यावर माय-लेकी एस.टी.तून उतरल्या तेव्हा जोतिराम घ्यायला आला होता. वाडा हायवेपासून आत, एका डाळिंबवाल्याच्या मोकळ्या रानात होता. मेंढरं नुकती परतत होती. मायाक्का त्यांच्यात शिरली आणि मधोमध थांबली. दोन्ही बाजूंनी लोकरीच्या कुशी घासून जात होत्या, उजव्या दंडालाही. थोडी आग झाली. तिने हात बाजूला घेतला नाही.

गुंडा वाळला होता. त्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "किती वर जातो?" त्याने विचारलं. चाळीस वर्षांचा संसार, पाच महिन्यांची ताटातूट, आणि समोरासमोर हे पहिलं बोलणं. मायाक्काने हात उचलला. खांद्याशी येऊन थांबला. ती त्याला फसवायला कलंडली नाही.

गुंडाने "हं" केलं, काठी उचलली आणि रानातून चालत बांधापलीकडे निघून गेला. बराच वेळ आला नाही. मायाक्काला ते फार लागलं. बिरदेव जवळ येऊन समजुतीने म्हणाला, "वैनी, नशिबानं घर हाय की गावाकडं. सावलीत ऱ्हावा. किती दिस तुडवायचं?" पूनमने चुलीतला जाळ उगीच सारखा केला. जेवताना गुंडा आला, त्याच्या पायांना ओली माती होती, तो जेवला आणि मेंढरांपाशी जाऊन आडवा झाला. तिला वाटलं, त्याने बघितलं आणि ठरवलं. आता तोंडाने सांगायचंही त्याच्या जिवावर आलंय.

सकाळी ती उठली तेव्हा फटफटलं होतं आणि पाखरी खुंट्याला नव्हती. बिऱ्हाडाची गाठोडीही जागेवर नव्हती. आपल्याला त्रास नको म्हणून, आपण झोपेत असतानाच, घोडी भरून पुढे गेले, असं तिला वाटलं, आणि इतकं परकं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग तिने बघितलं, मेंढरं अजून जाळीतच होती. दिवस उगवायला आला आणि मेंढरं जाळीत, असं कधी झालं नव्हतं.

"आत्या," पूनम बांधावरून हाक मारत होती. "हिकडं या."

बांधाच्या पलीकडे शेताला पाणी न्यायची चारी होती, बंद असल्यामुळे कोरडी, तळाला थोडी ओल. गुंडा त्या चारीत मांड्यांपर्यंत खाली उभा होता आणि त्याच्याजवळ, लगाम धरलेली, पाखरी. तिला खाली उतरवण्यासाठी एका बाजूचा काठ खणून उतरता केलेला दिसत होता. चारीच्या दोन्ही काठांवर दोन गाठोडी मांडून ठेवली होती. डाव्या काठावर पूनम उभी होती. उजव्या काठावर जागा मोकळी होती.

मायाक्का काठावर येऊन उभी राहिली. घोडीची पाठ तिच्या पोटाच्या बरोबरीला होती.

"भर," गुंडा म्हणाला.

मागे दिपाली उभी होती, तिच्या तोंडावर हात होता. बिरदेव मेंढरांपाशी घोटाळत होता. उशीर होतोय म्हणायला आलेला, पण म्हणत नव्हता. मायाक्काने खाली वाकून गाठोड्याला हात घातला. डावा हात खालून, उजवा वरून. पूनमने तिच्याकडे बघितलं. दोघींनी एकदम उचललं. उजवा हात छातीपर्यंत आला, थांबला नाही. गाठोडी खोगिरावर टेकली. पाखरीने कान हलवले आणि उभी राहिली. गुंडाने पोटाखालून दोर फेकला, वाकून, धांदरटपणे. त्याला ते काम येत नव्हतं, चाळीस वर्षांत त्याने कधी केलं नव्हतं. मायाक्काने दोराची गाठ सोडून परत नीट मारली.

"आज चारी हाय," ती म्हणाली. "उद्या काय कराल?"

"बार्शीपतूरची रानं मी बगून ठिवल्यात. कुटं वढा हाय, कुटं चारी हाय. तितंच वाडा लावायचा."

"आन् एकांद्या ठिकानी न्हाईच गावली तर?"

गुंडाने पाखरीला उतरत्या काठाकडे वळवलं. त्याच्या हातांना फोड आले होते, ते तिला आत्ता दिसले.

"खोरं हाय की माझ्याकडं," तो म्हणाला, आणि घोडी वर घेऊन मेंढरं सोडायला गेला.